वीतभर जागेचं भाडं



पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय 'क्रिकेट, माध्यमं आणि मार्केटिंग' असा छापलेला आहे. एका संध्याकाळी एवढा विषय झेपणार नाही, म्हणून आम्ही तो लहान करून घेतला आहे. किती लहान? साधारण एक वीतभर. भारतीय संघाच्या जर्सीवर, छातीपाशी, जिथे प्रायोजकाचं नाव येतं, तेवढ्याच जागेबद्दल आज बोलायचं. ती जागा कोण भाड्याने घेतं, का घेतं, आणि आपण ती कशी वाचतो. पुस्तकाची किंवा नाटकाची समीक्षा होते, तशी या जागेचीही व्हायला हवी, असं आम्हाला वाटतं. कारण या देशात तिच्याइतकं वाचलं जाणारं छापील अक्षर क्वचितच सापडेल.

सप्टेंबर २०२५ मधला आशिया चषक आठवा. त्या स्पर्धेत हस्तांदोलन झालं नाही, अंतिम सामन्यानंतर चषक स्वीकारला गेला नाही, यावर रकानेच्या रकाने छापून आले. वाहिन्यांवर रात्र रात्र चर्चा झाल्या. त्याच स्पर्धेत आपल्या संघाची छाती कोरी होती. 'इंडिया' एवढंच लिहिलेलं. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, आणि ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं. या कोऱ्या छातीबद्दल बहुतेक ठिकाणी प्रश्न काय विचारला गेला? पुढचा कोण, आणि किती देणार? स्पर्धा चालू असतानाच उत्तरही आलं. अपोलो टायर्स, मार्च २०२८ पर्यंत, ५७९ कोटी. आधीचा करार तीन वर्षांचा आणि ३५८ कोटींचा होता. म्हणजे भाडेकरू कायद्याने बाहेर गेला आणि जागेचा भाव वाढला. बातमी तिथे संपली. आमचं बोलणं तिथून सुरू होतं.

पण आधी थोडं मागे जाऊ. या जागेला किंमत आली कुठून?

१९८३ मध्ये कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, तेव्हा मंडळाकडे खेळाडूंना बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लता मंगेशकर यांनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, आणि ती कौतुकाचीच आहे. पण धंद्याच्या डोळ्यांनी बघितलं तर तिचा अर्थ वेगळा लागतो. जगज्जेत्या संघापाशी विकण्यासारखं काहीच नव्हतं. सामना दिसायचा तो दूरदर्शनवर, आणि दूरदर्शन सामना दाखवण्यासाठी मंडळाला पैसे देणं तर सोडाच, उलट मंडळाकडूनच मागत असे.

हे बदललं १९९० नंतर. १९९३ च्या हीरो कपच्या वेळी बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले, सरकारने आडकाठी केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचा गाभा असा की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. आता गंमत बघा. न्यायालय म्हणालं 'जनतेची', आणि व्यवहारात त्या लहरींवरून जाणारा सामना बाजाराचा झाला. निकाल चुकला असं आम्ही म्हणत नाही. मक्तेदारी गेली हे चांगलंच झालं. पण 'जनतेची मालमत्ता' या शब्दांचं पुढे काय झालं, हे आजच्या विषयाचं मूळ आहे. टीव्हीवर सामना विकला जाऊ लागला, तसा कॅमेऱ्यात येणारा प्रत्येक चौकोन विकाऊ झाला. सीमारेषेवरची पाटी, यष्टी, पंचांचा कोट, बॅटचा पाठभाग. आणि सगळ्यात महाग ती छाती, कारण शतक झालं की कॅमेरा तिथेच जातो.

आता या जागेवर आलेली नावं एका पाठोपाठ एक वाचू. १९९० च्या दशकात विल्स, म्हणजे सिगारेट. २००१ पासून २०१३ पर्यंत सहारा, म्हणजे गावोगावच्या छोट्या ठेवीदारांकडून पैसा गोळा करणारा समूह. २०१४ ते २०१७ स्टार इंडिया, म्हणजे प्रक्षेपण करणारी वाहिनीच. २०१७ मध्ये ओप्पो, चिनी मोबाइल, पाच वर्षांसाठी १,०७९ कोटी; दोन-अडीच वर्षांतच त्यांनी काढता पाय घेतला. २०१९ पासून २०२३ पर्यंत बायजूज, म्हणजे मुलांचं शिक्षण मोबाइलवर. २०२३ ते २०२५ ड्रीम इलेव्हन. आता टायर.

ही यादी आम्हाला एखाद्या कादंबरीच्या प्रकरणांसारखी वाटते. गेल्या तीस वर्षांत मध्यमवर्गाने आणि त्याच्या खालच्या माणसाने पैसा कुठे टाकला, याचा तो आलेखच आहे. आधी धूर, मग ठेव, मग करमणूक, मग फोन, मग पोरांची शिकवणी, मग नशीब. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रबंधाला घ्यावी अशी ही यादी. आपण मात्र तिच्यातून एकच शब्द काढला: पनवती.

तुम्ही वाचलं असेल, पुढे पाठवलंही असेल. भारतीय संघाच्या जर्सीवर जो जातो तो बुडतो. सहारा बघा, बायजूज बघा, ड्रीम इलेव्हन बघा. चांगल्या चांगल्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी 'जर्सीचा शाप' अशा मथळ्यांखाली हे चालवलं. या मांडणीवर आमचा आक्षेप आहे, आणि तो फक्त ती अंधश्रद्धा आहे म्हणून नाही. ती कारण आणि परिणाम यांची जागा बदलते, आणि तसं केल्याने माणसं जबाबदारीतून सुटतात. शापाला जाब विचारता येत नाही ना!

आता खरं कारण काय असावं ते पाहू. जागा निविदेने जाते. दहा जण बोली लावतात. प्रत्येक जण त्या जागेची किंमत आपापल्या अंदाजाने ठरवतो. जिंकतो कोण? ज्याचा अंदाज सगळ्यात चढा तो. अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' असं नाव आहे, आणि हा शाप शुद्ध गणिताचा आहे. सर्वाधिक बोली लावणारा बहुतेक वेळा दोन प्रकारचा असतो. एक, ज्याच्याकडे दुसऱ्याचा पैसा सैल हाताने आला आहे. दोन, ज्याला नाव मोठं करण्याची घाई आहे. कित्येकदा दोन्ही एकच असतात. जुनी, सावकाश चालणारी, नफा-तोटा बघून पाऊल टाकणारी कंपनी एवढी बोली लावतच नाही. म्हणजे जर्सी कंपन्यांना बुडवत नाही. बुडण्याची शक्यता ज्यांच्यात जास्त, अशांना ही निविदा नेमकी वेचून काढते. चाळणीची भोकं जशी, तसं पीठ पडणार.

यावर तुम्ही म्हणाल, यादीत स्टार आहे, ओप्पो आहे, ते कुठे बुडाले? बरोबर आहे. म्हणूनच हा नियम नाही, कल आहे. ओप्पोचे फोन आजही विकले जातात. ती कंपनी आकडा परवडत नाही असं दिसल्यावर बाजूला झाली. शापाच्या कथेत ही दोन नावं बसत नाहीत, म्हणून ती कथा सांगणारे ती गाळतात. समीक्षकाने गाळलेलं आधी वाचावं.

आता दुसरा प्रश्न. घाई असलेल्याला हीच जागा का हवी असते? मिठाची कंपनी, साबणाची कंपनी छातीसाठी एवढी का झगडत नाही?

आमच्या धंद्यात वस्तूंची एक साधी विभागणी आहे. काही वस्तू घेण्याआधीच पारखता येतात. भाजी, कापड, खुर्ची. काही वापरल्यावर कळतात. साबण, चहा, हॉटेलातलं जेवण. आणि काही अशा, की पैसे देऊन झाल्यावरही बराच काळ कळत नाही. ठेव परत मिळेल का, हे मुदत संपल्यावर कळतं. मूल शिकलं का, हे दोन-तीन वर्षांनी कळतं. खेळ प्रामाणिक होता का, हे तर कळतच नाही. या तिसऱ्या वर्गात गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही, भरवसा घेतो. स्वतःचा भरवसा कमवायला पिढ्या जातात. तो उसना मिळाला तर? सव्वाशे-दीडशे कोटी लोकांचा ज्यांच्यावर जीव आहे अशा अकरा जणांच्या छातीवरून तो उसना मिळतो. भाडं कापडाच्या तुकड्याचं नसतं, त्या उसन्या भरवशाचं असतं. म्हणून सहारा, बायजूज आणि ड्रीम इलेव्हन ही तिन्ही नावं तिथे येणं हा योगायोग वाटत नाही. तिघांचा माल तिसऱ्या वर्गातला.

टायर त्या मानाने बरा. रस्त्यावर आणला की चार महिन्यांत काय ते समजतं.

आता माध्यमांकडे येऊ. या संपूर्ण कहाणीत आमची सर्वात मोठी तक्रार त्यांच्याबद्दल आहे, आणि ती अशी की एकाच वर्तमानपत्राची पानं एकमेकांशी बोलत नाहीत.

सहाराचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समूहाच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी परत करायला सांगितलं. त्यानंतरही २०१३ च्या अखेरपर्यंत छातीवर नाव तेच होतं. अर्थपानावर न्यायालयाचा आदेश, शेवटच्या पानावर तेच नाव मिरवणारा शतकवीर, आणि मधे एक ओळही नाही. मार्च २०१४ मध्ये सुब्रतो रॉय तुरुंगात गेले, तोवर जर्सी बदललेली होती. जुलै २०२३ मध्ये समूहाच्या सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी केंद्र सरकारने परताव्याचं पोर्टल उघडलं. पहिल्या टप्प्यात एका ठेवीदाराला जास्तीत जास्त १० हजार रुपये. मुलीच्या लग्नासाठी दिवसाला वीस-तीस रुपये साठवणाऱ्या बाईला त्या दहा हजारांसाठी कागद जुळवावे लागले. ही बातमी क्रीडापानावर यायला हवी होती. ती तिथे कुणी छापल्याचं आमच्या वाचनात नाही.

बायजूजचंही तसंच. २०२२ मध्ये कंपनीची किंमत २२ अब्ज डॉलर सांगितली जात होती. त्या वर्षी ऑक्टोबरात अडीच हजार कर्मचाऱ्यांना कमी करण्याचं जाहीर झालं, आणि नोव्हेंबरात लिओनेल मेस्सी कंपनीचा चेहरा झाला. डिसेंबरात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने विक्रीच्या पद्धतींबद्दलच्या तक्रारींवरून कंपनीच्या प्रमुखांना बोलावणं धाडलं. तीन महिन्यांत तीन घटना, तीन वेगवेगळ्या पानांवर. पुढे जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली ती कुणाच्या अर्जावरून? क्रिकेट मंडळाच्याच. थकलेले सुमारे १५८ कोटी. मंडळाला दाद मागायला न्यायाधिकरण होतं, वकील होते. पण ज्या आईबापांनी कर्ज काढून शिकवणीचे पैसे भरले, त्यांनी कुणाच्या छातीवर बघून भरले होते?

समालोचनाबद्दल काय बोलावं! सामना सांगणाऱ्या माणसाची रोजीरोटी मंडळाच्या किंवा वाहिनीच्या हातात असते. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना समालोचनातून बाजूला केलं गेलं. कारण जाहीर झालं नाही. कारण न सांगणं हाच निरोप होता, आणि तो बाकीच्यांना बरोबर कळला. २०१४ ते २०१७ या काळात तर सामना दाखवणारी वाहिनी आणि छातीवरचं नाव एकच. बातमी देणारा, जाहिरात करणारा आणि जाहिरात दाखवणारा, तिघे एका घरात. त्याच सुमारास न्यायमूर्ती लोढा समितीने एक साधी शिफारस केली होती: कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांत जाहिराती फक्त उपाहार, चहापान अशा विश्रांतीच्या वेळी दाखवा, दर षटकामागे नको. उत्पन्न बुडेल म्हणून मंडळाने विरोध केला. न्यायालयाने समितीच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या, हा मुद्दा मात्र मंडळावर सोपवला. मंडळाने काय केलं ते आपण रोज बघतो. षटकाचा शेवटचा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात पोहोचायच्या आत वेलचीची जाहिरात सुरू. वेलचीच ती. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तरी एवढ्या वेलच्या कोण खातं हे कुणी विचारू नये!

आता कायद्याकडे. ड्रीम इलेव्हनचं समर्थन करणारे म्हणतात, आम्ही बेकायदा कधी होतो? ते खरं आहे. असा खेळ कौशल्याचा आहे, जुगार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. नवा कायदा आल्यावर त्यांनी पैशांचे खेळ बंद केले. या कायद्यालाही न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. त्यामुळे कायदा योग्य की अयोग्य हे आम्ही इथे ठरवत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. सरकारी अंदाज असा सांगितला गेला की सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी २० हजार कोटी घालवतात. भागाकार करा. माणशी साडेचारशे रुपयेसुद्धा येत नाहीत. म्हणजे सिनेमाचं एक तिकीट आणि मक्याच्या लाह्या! एवढ्यासाठी कायदा? पण सरासरी फसवी असते हे आम्हाला धंद्यानेच शिकवलं आहे. अशा कुठल्याही धंद्यात बहुतेक गिऱ्हाईकं चिल्लर देतात आणि थोडीशी माणसं घर रिकामं करतात. साडेचारशेच्या मागे कुणाचे पन्नास रुपये आहेत आणि कुणाची शेतजमीन. जाहिरात पहिल्याला दिसते, धंदा दुसऱ्यावर चालतो.

जुलै २०२५ मध्ये आपल्याच विधिमंडळात एका मंत्र्यांच्या फोनवर पत्त्यांचा खेळ दिसला, त्याची चित्रफीत गाजली. मंत्री म्हणाले, आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आपोआप आलेलं ते बंद करत होतो. पुढे त्यांचं खातं कृषीवरून बदलून क्रीडा झालं. त्यावर विनोद भरपूर झाले. पण क्षणभर त्यांचं म्हणणं खरं धरा. भर सभागृहात, मंत्र्याच्या फोनवर हे न बोलावता येत असेल, तर एसटीची वाट बघत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या फोनवर काय येत असेल?

आणखी एक गोष्ट. २०२० मध्ये गलवाननंतर चिनी कंपन्यांविरुद्ध संताप उसळला. विवोचं नाव आयपीएलवरून त्या वर्षापुरतं उतरलं. संताप समजण्यासारखा होता. पण त्या जागी कोण आलं? २२२ कोटींना ड्रीम इलेव्हन. पैसा सीमेपलीकडून येतो का, हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तो कुणाच्या खिशातून येतो, हे विचारलं नाही.

मग कायद्याची वाट न बघता कुणी काही करू शकतं का? करू शकतं, आणि तसं उदाहरण आहे. १९९६ च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरच्या बॅटवर स्टिकर नव्हता. त्या काळात बॅटवर सिगारेटच्या नावांची चलती होती. स्पर्धेचं नावच विल्स विश्वचषक! तंबाखू आणि दारूची जाहिरात करणार नाही, असा शब्द त्याने वडिलांना, प्रा. रमेश तेंडुलकरांना, दिला होता; हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. सिगारेटची जाहिरात तेव्हा कायद्याने चालत होती. कायदा २००३ मध्ये आला. म्हणजे कायद्याच्या सात वर्षं आधी एका खेळाडूची कोरी बॅट उभी होती, आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक धावा त्याच बॅटच्या होत्या.

पण कहाणी इथे थांबवली तर ती लबाडी होईल. २०२० मध्ये तेच नाव एका फॅन्टसी खेळाच्या अॅपच्या जाहिरातीत आलं. २०२३ मध्ये आमदार बच्चू कडू यांनी त्याविरुद्ध वांद्र्याला घरासमोर आंदोलन केलं. तो खेळही तेव्हा कायद्याने चालत होता. मग १९९६ ची कसोटी २०२० मध्ये का लागू झाली नाही? आम्हाला यात एका माणसाच्या दोषापेक्षा मोठं काही दिसतं. वडिलांनी दोन शब्द दिले होते, तंबाखू आणि दारू. त्या पिढीला ठाऊक असलेली व्यसनं ती. नव्या व्यसनाला जुन्या यादीत जागा नसते. ते ओळखायला यादी पुरत नाही, यादीमागचा विचार लागतो.

मंडळाचंही तेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या प्रायोजकासाठी निवेदन काढताना त्यांनी बाद गटांची यादी दिली: दारू, तंबाखू, सट्टा, पैशांचे ऑनलाइन खेळ, आभासी चलन. यादी चांगली आहे. पण त्यातलं एकेक नाव कायद्याने किंवा बदनामीने आधीच बाद केलेलं आहे. काल जिथे ठेच लागली त्या दगडाला आज चुना फासला. उद्याचा दगड कुठे आहे?

तो शोधायला आम्ही तीन प्रश्न सुचवतो. हे प्रश्न मंडळाने विचारावेत, क्रीडापत्रकारांनी विचारावेत, आणि कुणीच विचारले नाहीत तर घरी टीव्हीसमोर तुम्ही विचारावेत. पहिला, या कंपनीचा पैसा गिऱ्हाइकाच्या समाधानातून येतो की त्याच्या तोट्यातून? दुसरा, उद्या ही बंद पडली तर बुडणार कोण: गुंतवणूकदार, की पैसे आगाऊ भरलेली सामान्य माणसं? तिसरा, दहा वर्षांच्या मुलाने ते नाव वाचून 'हे काय करतात?' असं विचारलं, तर आपल्याला एका वाक्यात सरळ उत्तर देता येईल का? टायर बनवतात, बाळा. झालं. 'तू संघ निवडायचा, पैसे भरायचे आणि मग...' इथे जीभ अडखळली की समजावं.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे. वाचतो. 'तुमच्या म्हणण्याप्रमाणे प्रायोजकच नकोत का? पैशाशिवाय खेळ कसा वाढेल?'

चांगला प्रश्न आहे. नाही, प्रायोजक हवेत. आमची भाकरीही त्याच तव्यावर भाजते. १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्यानंतर कित्येक वर्षं या मुली बिनआरक्षणाच्या डब्यातून जात, वसतिगृहांत जमिनीवर झोपत. २००६ मध्ये महिला क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली आलं. २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक उचलला. यात पैशाचा वाटा आहे, आणि तो नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पैसा नसण्याची गरिबी आपण १९८३ मध्ये पाहिली, आणि या मुलींनी तर फार जवळून पाहिली.

पण त्या अंतिम सामन्याची छायाचित्रं पुन्हा काढून बघा. आयसीसीच्या विश्वचषकात प्रायोजकाचं नाव बाहीवर जातं, छातीवर फक्त देशाचं नाव असतं. तरी स्पर्धा झाली, प्रायोजक मिळाले, बक्षिसाची रक्कम विक्रमी होती, कुणाचं दिवाळं निघालं नाही. म्हणजे नियम करता येतो, आणि नियम केला तरी पैसा पळून जात नाही. भाडेकरू पारखून घेतला तरी घर रिकामं राहत नाही, हे ५७९ कोटींनी सिद्ध केलंच आहे. मग पारखायला अडचण कसली आहे, हे मंडळाने सांगावं.

वेळ संपली आहे.